जुन्या टाकीवरचे कदम सर

माणसाच्या एका नाकपुडीत दोरा घालून तो दुसरीतून बाहेर काढता येतो, हे मी वयाच्या चोविसाव्या वर्षी, नोकरीच्या तिसऱ्या दिवशी, डब्यातली बटाट्याची भाजी खाऊन उठल्यावर लगेच पाहिलं. दोरा पांढरा होता, आमच्या लॅबमध्ये नमुन्यांना चिठ्ठ्या बांधायला वापरतात तो. नाक कदम सरांचं होतं. समोर नव्याने भरती झालेले सात-आठ कामगार उभे होते आणि सर त्यांना मास्क का लावायचा ते समजावत होते. फार बोलले नाहीत. दोऱ्याची दोन टोकं दोन हातांत धरून एकदा इकडे, एकदा तिकडे ओढून दाखवली आणि म्हणाले, "बीच की दीवार गल गई मेरी. अठारह साल खड़ा रहा पुरानी टंकी पे. अब जिसको मास्क में गर्मी लगती है, वो हाथ ऊपर करे."

कोणी हात वर केला नाही. मी बाहेर जाऊन बटाट्याची भाजी पुन्हा एकदा पाहून आले. परत आले तर सर दोरा गुंडाळून खिशात ठेवत होते. मला म्हणाले, "मृणाल बेटा, पहिल्यांदा सगळ्यांनाच होतं. चाय घेऊन घे."

आमचा कारखाना ग्वाल्हेरच्या बाहेर, भिंड रोडला. गाडीच्या बाहेरच्या अंगाला जे जे चमकतं ते आम्ही बनवतो. समोरची जाळी, दाराच्या मुठी, खिडकीखालून जाणारी पट्टी, मागचं नाव. लोकांना वाटतं ते लोखंड-पितळ असेल. असतं प्लास्टिक. त्याच्यावर तांब्याचा थर, मग निकेलचा, आणि सगळ्यात वर क्रोमचा एक इतका पातळ मुलामा की त्याला थर म्हणायचीही लाज वाटावी. पण गाडी विकत घेणारा त्या लाजेवरच भाळतो. हा शेवटचा मुलामा जिच्यात चढायचा ती जुनी टाकी. तिच्यातलं पाणी गडद तांबूस, काठावर उभं राहिलं की घशात खवखव. त्या वाफेने वर्षानुवर्षांत नाकात जखमा होतात, फुप्फुसाचंही खरं नाही. हे आता जगभर ठाऊक आहे, आणि म्हणूनच आमच्याकडे शेजारी एक नवी टाकीही आली होती. हिचं पाणी हिरवट आणि वाफ त्या मानाने सुसह्य. पण तिचा मुलामा पिवळसर दिसायचा, आणि तो ऊन-पाऊस-चिखलात किती टिकतो ते कोणाला ठाऊक नव्हतं.

माझ्या इंटरव्ह्यूला सरांनी रसायनशास्त्राचं एक अक्षर विचारलं नव्हतं. टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या आणि कुठली चांगली ते विचारलं. मी निळसर झाक असलेली उचलली. "सगळे हीच उचलतात," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, गेली नोकरी. ती जुन्या टाकीची पट्टी होती.

कदम सर लॅबचे प्रमुख होते, पण दिसायचे एखाद्या शाळेतल्या पी.टी.च्या मास्तरांसारखे. बुटके, ताठ, मिशा कातरलेल्या, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. तलवार घरात अजून होती, पण फौज कधीच संपली होती. वडील बिर्लानगरच्या मिलमध्ये सूत कातायला लागले, मिल बंद पडली तेव्हा सर कॉलेजात होते. ते सोडून इकडे आले आणि थेट टाकीवर उभे राहिले. तिथून शिकत शिकत वर लॅबमध्ये पोचले. घर अजून बिर्लानगरलाच होतं. मी जयेंद्रगंजची. आमच्याकडे सगळे वकील आणि प्रोफेसर, त्यामुळे मी कारखान्यात जाते याचाच आमच्या आईला पहिला धक्का होता. दोऱ्याचं मी तिला कधी सांगितलं नाही.

सरांना वास येत नसे. फोडणी करपली काय, मोगरा आणला काय, सारखंच. आमच्या लॅबमध्ये एक पेटी होती. तिच्यात नमुने टांगायचे आणि आत मीठ, तांब्याचा क्षार आणि व्हिनेगरसारखं आम्ल घातलेल्या पाण्याचं गरम धुकं तीन दिवस-रात्री सलग सोडायचं. बाहेर वर्षानुवर्षांत जे व्हायचं ते आत तीन दिवसांत होतं. कमकुवत मुलाम्यावर फोड येतात, हिरवे डाग पडतात. त्या पेटीच्या वासाने कामगार तिला अचारवाली म्हणत. मी झाकण उघडलं की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि सर शांतपणे आत डोकं घालून नमुने न्याहाळत बसायचे. एकदा मला म्हणाले, "कशी आहे? लिंबाच्या लोणच्यासारखी की कैरीच्या?" मी म्हटलं, कैरीच्या. तर त्यांनी डोळे मिटून मान हलवली. खरंच आठवत होते बिचारे. मला त्या दिवशी रडू आलं, आणि ते व्हिनेगरचं नव्हतं.

मी लागून वर्ष झालं असेल तेव्हा एका मोठ्या गाडी कंपनीचं काम आलं. त्यांच्या नव्या मॉडेलला बाहेरून कुठला मुलामा द्यायचा ते आम्हीच सुचवायचं होतं. चार पर्याय होते. चंदेरी रंग, निर्वात भांड्यात चढवायचा मुलामा आणि त्यावर काचेसारखं लॅकर, जुनी टाकी, नवी टाकी. मालकांनी सांगून टाकलं होतं की नवी टाकी पास झाली तर सगळं काम तिच्यावर नेऊ आणि जुनी उपसून टाकू. नाही झाली तर जुनी आहेच. सरांना काय हवं होतं ते गेटवरच्या चौकीदारालाही माहीत होतं. जुन्या टाकीवर तेव्हा रामसेवक उभा असायचा. मुरैन्याकडचा, चाळिशीतला, अबोल. त्याचं नाक दर दोन-चार दिवसांनी फुटायचं. डॉक्टरांनी त्याला तिथून हलायला सांगितलं होतं, पण त्या टाकीचा हात दुसऱ्या कोणाला नव्हता आणि कोणी शिकायला तयारही नव्हतं. सर त्याला रोज सांगायचे, "दिवाली तक रुक जा."

मला वाटलं होतं, सर नव्या टाकीच्या पट्ट्यांना जरा सांभाळून घेतील. ते तर तिच्यावरच तुटून पडले. चारही प्रकारच्या पट्ट्या त्यांनी स्वतःच्या स्कूटरला पुढे ओळीने चिकटवल्या आणि भर उन्हाळ्यात बिर्लानगर ते भिंड रोड ती स्कूटर हाकली. नव्या टाकीची पट्टी मुद्दाम चाकाजवळ, जिथे सगळा खडा-चिखल उडतो तिथे. फूलबागेच्या चौकात सिग्नलला लोक विचारायचे, काय विकताय काका. मी एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले, तर मंदाकाकूंच्या भांड्यांच्या टोपलीत ताट-वाट्यांच्या मधोमध चार गाडीच्या पट्ट्या निथळत होत्या. मी ते बघतच राहिले. काकूंनी वैतागून सांगितलं की महिना झाला, रोज भांड्यांबरोबर ह्याही घासायच्या असा यांचा हुकूम आहे. "ही रंगाची तर पंधरा दिवसांतच टकली होऊन गेली," त्या म्हणाल्या. "ती काचेसारखी आहे तिच्यावर जाळं पडलं. बाकी दोघी बऱ्या आहेत. पण सांगून ठेव तुझ्या सरांना, पाहुण्यांसमोर मला फार लाज वाटते."

अशा रीतीने लॅकरवालीचा निकाल आमच्या लॅबच्या आधी काकूंनी लावला. राहिल्या दोन टाक्या. जुनीची परीक्षा कित्येकदा झालेली होती. नवीची अचारवालीतली तीन दिवसांची परीक्षा तेवढी उरली. ग्राहकाला घाई होती. मी अष्टमीला सकाळी नमुने पेटीत टांगले, मशीन सुरू केली आणि दसऱ्याच्या सुट्टीला घरी गेले. एकादशीला सकाळी येऊन पेटी उघडली. पट्ट्या स्वच्छ होत्या. मी तारखा बघून तास लिहिले, सरांनी पट्ट्या भिंगाखाली तपासल्या, सही केली. कदम सरांची सही म्हणजे आमच्याकडे विषय संपला. त्यांनी आयुष्यात एक खोटा आकडा लिहिला नव्हता. एकदा तर ट्रकमध्ये चढलेला माल त्यांनी उतरवून घेतला होता, एका मुठीवर सुईच्या टोकाएवढा डाग दिसला म्हणून.

पंधरा दिवसांनी ग्राहक कंपनीचे साहेब दिल्लीकडून आले. त्यांनी पट्ट्या पाहिल्या, रिपोर्ट पाहिला, खूश झाले. पिवळसर झाक त्यांना चालणार होती. जुनी टाकी उपसायला माणसं दुसऱ्या दिवशी यायची ठरली. खाली रामसेवकने पेढे वाटले होते, माझ्या टेबलावरही दोन होते. चहा आला तसे सर कप घेऊन उठले आणि भिंतीवरच्या फोटोंसमोर जाऊन उभे राहिले. तिथे दर वर्षीच्या पूजेचे फोटो लावतात. बराच वेळ ते एकाच फोटोकडे बघत होते. मला वाटलं, पाय मोकळे करताहेत.

मग ते वळले आणि पाहुण्यांना म्हणाले, "साब, ये रिपोर्ट गलत है. मशीन पूरे तीन दिन नहीं चली. नवमी को मैंने बंद की थी."

मालक म्हणाले, "कदमजी, चाय पीजिए."

मी फोटोकडे धावले. खंडेनवमीचा फोटो होता. अचारवालीवर झेंडूची माळ, झाकणावर नारळ, हळद-कुंकवाची बोटं, आणि ती चालू असताना पेटणारा हिरवा दिवा विझलेला. आमच्या मराठ्यांच्या घरांतून त्या दिवशी तलवारीपासून विळी-हातोडीपर्यंत सगळ्यांना आराम असतो, कोणी त्यांच्याकडून काम घेत नाही. सर गेली पंचवीस वर्षं हे कारखान्यातही पाळत होते. भल्या सकाळी येऊन त्यांनी स्वतः मशीन बंद केली, पूजा केली, आणि दसऱ्याला सकाळी पुन्हा सुरू केली. एक अख्खा दिवस, एक अख्खी रात्र. आत नमुने आहेत हे त्यांना माहीत होतं. पण पूजेला मशीन थांबवणं म्हणजे परीक्षा थांबवणं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. मशीन बंद पडते ती बिघडल्यावर. ही तर पूजेला बसवली होती.

पाहुण्यांनी विचारलं, बिघाड झाला होता का. सर म्हणाले, "नहीं साब. हमारे यहाँ उस दिन औज़ार आराम करते हैं. मैंने आराम दिया."

तास मी लिहिले होते, मशीनवरचं मीटर न बघता, नुसत्या कॅलेंडरवरून. मी तेव्हा पुढे होऊन ते सांगायला हवं होतं. मी फोटोतल्या नारळाकडे बघत राहिले. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझं नाव घेतलं नाही. ती लाज मला अजून पुरते आहे.

परीक्षा त्याच आठवड्यात पुन्हा घेतली. मी तीन रात्री पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले. पट्ट्या पुन्हा स्वच्छ निघाल्या. पण साहेबांनी कळवलं की आता आमच्या कागदावर त्यांचा भरवसा नाही. ते स्वतःच्या लॅबमध्ये तपासतील, गाड्यांना लावून एक हिवाळा, एक उन्हाळा, एक पावसाळा बघतील. तोवर जुन्याच टाकीचा मुलामा चालू राहील. टाकी उपसायला आलेली माणसं चहा पिऊन परत गेली.

रामसेवक त्या दुपारी लॅबच्या दारात आला. आत आला नाही. त्याच्या नाकाला रुमाल होता. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, तो अगदी हळू बोलला.

"सच आपका था साब. नाक तो मेरी है."

तो गेल्यावर सरांनी टेबलावरची भिंगं, नोंदींच्या फायली, किल्ल्या एकेक करून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मी काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "मीटर बघून लिहीत जा बेटा." एवढंच. मला ते रागावले असते तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबच्या काचेतून खाली पाहिलं. जुन्या टाकीच्या चौथऱ्यावर रबरी बूट, रबरी एप्रन आणि मास्क घालून कदम सर उभे होते. पट्ट्या टांगलेले रॅक आत सोडत होते, घड्याळ बघत होते, बाहेर काढत होते. हात तसाच सफाईदार, जणू मधली वर्षं गेलीच नाहीत. रामसेवकला त्यांनी पॅकिंगला पाठवलं होतं. मी धावत खाली गेले. तुमचं वय काय, डॉक्टर काय म्हणतील, काकूंना विचारलंत का, जे सुचेल ते बोलले. ते मास्कच्या आतून म्हणाले, "माझ्या नाकात आता भोक पाडायला जागाच नाही आहे. दुसऱ्या कोणाचं कशाला?" वर हसले. मला हसू आलं नाही. भोक नाकातच पडतं असं थोडंच आहे, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

मालक दोनदा येऊन ओरडून गेले. लॅबचा प्रमुख टाकीवर उभा राहिलेला बाहेरच्यांनी पाहिला तर काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा होता. सरांनी त्यांना सांगितलं की लॅब मृणालच्या हवाली केली आहे, आता प्रमुख ती. असं माझं प्रमोशन झालं. घरी आईने श्रीखंड आणलं. मी माझी वाटी तशीच फ्रीजमध्ये ठेवून दिली.

हिवाळा गेला. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे बोटं वाकत नाहीत, त्यातही ते सकाळच्या पाळीला वेळेवर हजर. रामसेवक त्यांच्याशी बोलत नव्हता, पण त्याचा गरम पाण्याचा थर्मास चौथऱ्याच्या पायरीवर ठेवलेला असायचा. उन्हाळ्यात सरांची साठी झाली. निवृत्तीला शाल-नारळ करायचा आम्ही घाट घातला, तर म्हणाले, टाकी बंद होईल तेव्हा करा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकीवर. आमच्याकडे मोठ्या साहेब लोकांना वर्ष-दोन वर्षं वाढवून देतात. मी समजले, तसंच काहीतरी झालं असेल. विचारायचं मला सुचलं नाही, किंवा भीती वाटली असेल. त्या उन्हाळ्यात ते फार खोकायचे. चौथऱ्यावरून उतरताना कठडा धरायचे.

पाऊस सरला आणि ग्राहकाचं पत्र आलं. त्यांच्या लॅबमध्ये पूर्ण तास, गाड्यांवर तिन्ही ऋतू. नवी टाकी पास. पत्राची एक प्रत सरांच्या फायलीत लावायची म्हणून मी ऑफिसात गेले. तिथला क्लार्क म्हणाला, कदम साहेबांची स्टाफमध्ये फाईल नाही, ती उन्हाळ्यातच बंद झाली. मी म्हटलं, असं कसं, ते तर खाली काम करताहेत. त्याने रोजंदारीवाल्यांची हजेरी काढून माझ्यासमोर धरली. ठेकेदाराची माणसं, लोडर, सफाईवाले, अशी नावं होती. खालून चौथं कदम बाळकृष्ण. पुढे पद लिहिलं होतं, हेल्पर.

क्लार्क खाली मान घालून म्हणाला, "खुद लिखवा के गए थे मैडम. बोले, मैं घर बैठा तो तुम रामसेवक को वापस खड़ा कर दोगे."

ज्यांनी मला आमच्या लॅबची किल्ली दिली ते सहा महिने माझ्याच खाली हेल्पर म्हणून राबत होते, आणि मी वर पंख्याखाली बसून त्यांचेच नमुने तपासत होते. मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. चौथऱ्यापाशी जाऊन मी ओरडतच पत्र वाचलं, कारण पंख्यांच्या आवाजात ऐकू जात नव्हतं. सरांनी मास्क खाली ओढला. चेहरा निम्मा झालेला, गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ, ओठावर सुकलेलं रक्त. मी हजेरीचं काही बोलणार होते.

"तास किती लिहिलेत?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा वाचून दाखवले. पूर्ण, सलग.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आधी रामसेवकला सांग."

मी पॅकिंगकडे निघाले. दारातून मागे वळून पाहिलं. मला सर असे दिसले ते शेवटचे. दुसऱ्या दिवशी टाकीला माणूस लागणार नव्हता, म्हणून हेल्पर आला नाही, आणि शाल-नारळ घेऊन आम्ही बिर्लानगरला गेलो तोवर काकू त्यांना मुलीकडे इंदूरला इलाजासाठी घेऊन गेल्या होत्या. तिथून ते परत आले नाहीत. पण त्या क्षणी ते चौथऱ्यावर उभे होते, एक हात टाकीच्या बटणावर, नजर घड्याळावर. आत शेवटचा रॅक होता. पत्र आलेलं होतं, कोणी काही म्हणणार नव्हतं, बटण दाबायचं की संपलं. रॅकची अजून दोन मिनिटं बाकी होती. त्यांनी ती पूर्ण होऊ दिली.